चर्चच्या अंगणातला उभा दगड - आधी कोण आलं, दगड की देऊळ?

निवतीकरीण
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. गेल्या महिन्यात आई आली होती इकडे, तिला घेऊन उत्तर वेल्सला गेलो. फेस्टिन्योगच्या छोट्या रेल्वेत बसवायचं कबूल केलं होतं, ते झालं, आणि मग खाली दरीत माइनतुरोग नावाच्या गावात जेवायला थांबलो. दुइरिद नदीकाठचं एवढंस्सं गाव, सगळी काळपट पाटीच्या दगडाची घरं, मध्ये संत तुरोगचं चर्च. चर्च बंद होतं म्हणून नुसतंच अंगणात फिरत होतो, तर भिंतीला लागून एक उभा दगड. जेमतेम चार फुटी, वर निमुळता, त्यावर अक्षर नाही की मूर्ती नाही. मी पुढे निघाले होते आणि मागून आईचा आवाज आला, "अगो, हो राखणदार! चपला काढ आधी."

आता बाहेर चार डिग्री तापमान आणि सगळीकडे ओलं गवत. तरी तिने बूट काढले, मोजे काढले, आणि दगडाला हात लावून कपाळाला लावला. एक म्हातारी बाई कबरींवरची पानं गोळा करत होती, मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार. ती जवळ आली आणि हसून म्हणाली, दगडावरून हात फिरवलात ना, मग तुम्ही इथे परत येणारच, आमच्याकडे तसं म्हणतात!

घरी येऊन शोधलं तर गोष्ट अशी की सातव्या शतकाच्या आसपास तुरोग नावाचा संत मॉइलविन डोंगरावर उभा होता, खाली दरीत लोक जुन्या देवांची पूजा करत होते, त्याला राग आला, त्याने वरून हा धोंडा भिरकावला तो थेट त्यांच्या वेदीवर. त्याच्या बोटांचे ठसे दगडावर आहेत म्हणतात (मला दिसले नाहीत, आईला दिसले). गावाचं नावही त्यावरूनच. माइन म्हणजे दगड, माइनतुरोग म्हणजे तुरोगचा दगड.

तर प्रश्न असा की चर्च आधी की दगड आधी? म्हणजे आधीपासून लोक त्या दगडाला मानत होते म्हणून चर्च तिथे बांधलं, का? आपल्याकडे शेंदूर लावलेल्या दगडावर मागाहून देऊळ उभं राहतं तसं? वेल्समध्ये असे आणखी दगड आहेत का चर्चच्या आवारात? जाणकारांनी सांगा. आईला उत्तर द्यायचंय, ती रोज फोनवर विचारते.

चहाबाज
आईंना साष्टांग. चार डिग्रीत मोजे काढणं ही खरी भक्ती.

कुजकट_काकू
संतांनी रागावून दगड मारला, तोच दगड पुढे पूज्य झाला. आमच्या सोसायटीत असं झालं असतं तर केस चालू असती अजून.

टेकडीवरचा
निवतीताई, मस्त विषय. याचं सरळ उत्तर आहे. ख्रिस्ती धर्म आला तेव्हा जुनी पूजास्थानं मोडायची नाहीत, तीच वापरायची असं धोरणच होतं. इ. स. ६०१ मध्ये पोप ग्रेगरीने मेलिटस नावाच्या धर्मगुरूला पत्र लिहिलं, देवळं पाडू नका, आतल्या मूर्ती काढा, पवित्र पाणी शिंपडा आणि तीच वापरा, लोक सवयीने येतीलच. हे पत्र बीड नावाच्या जुन्या इंग्रज साधूने लिहिलेल्या इतिहासात आहे. म्हणजे दगड आधी, चर्च नंतर. शिवाय वेल्समधली जुनी चर्चची आवारं बरीचशी गोल असतात, कारण ती मुळात शिळावर्तुळं होती. विषय संपला :)

पेन्शनर_पुणे
विषय संपला असं इथे म्हणायचं नसतं हो, आता बघा शंभर प्रतिसाद.

रेक्झमचा_डॉ
मी इकडे अकरा वर्षं आहे, सुट्टीत हेच उद्योग करतो, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

ताई, माइनतुरोगसारखे अजून आहेत. माझ्या रस्त्यावरचं म्हणजे कोर्वेन. लंगोलेनकडून ए फाइव्ह रस्त्याने बेटस गावाकडे जाताना लागतं. तिथल्या संत माइल आणि संत सुलिएनच्या चर्चच्या दारावरच्या मांडवीच्या भिंतीतच एक उभा दगड बांधून टाकलाय. त्याला वेल्शमध्ये लांबलचक नाव आहे, 'कारेग अ बिग अन अ वाख रेउलिद', म्हणजे गारठलेल्या कोपऱ्यातला टोकदार दगड. नाव ज्याने ठेवलं तो जानेवारीत तिथे उभा राहिलेला असणार. गोष्ट अशी की चर्च दुसरीकडे बांधायला घेतलं तर दिवसा रचलेली भिंत रात्री पडायची. शेवटी कुणीतरी सांगितलं की त्या दगडापाशीच बांधा, तर टिकेल. तिथे बांधलं, टिकलं. तुमच्या तुरोगच्या गोष्टीत संत दगड फेकून मारतो आणि इथे दगडच चर्चला सांगतो की इथे ये. म्हणजे दोन गावांत दोन बरोब्बर उलट्या गोष्टी.

त्याच चर्चच्या एका दाराच्या वर दगडात खंजिरासारखी खूण आहे, ती म्हणे ओवेन ग्लिनदूरने मागच्या पेन अ पिगिन टेकडीवरून रागाने फेकलेल्या खंजिराची. प्रत्यक्षात तो कोरलेला क्रूस आहे आणि ग्लिनदूरच्या कितीतरी शतकं आधीचा. (ग्लिनदूर म्हणजे इ. स. १४०० मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेला वेल्सचा राजपुत्र, त्याचा घोड्यावरचा पुतळा गावात आहे.) या देशात डोंगरावरून काहीतरी फेकल्याशिवाय चर्चचा इतिहास पूर्ण होत नाही असं दिसतं.

सातपुडा
दिवसा बांधलेली भिंत रात्री पडते ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक किल्ल्याला आहे. तिथे दगडावर भागलं, आपल्याकडे बळी द्यावा लागतो.

भूशास्त्री
टेकडीवरचा, थोडं थांबा. तुमच्या प्रतिसादात दोन गोष्टी आहेत आणि दोन्हींत घोळ आहे.

पहिली, ग्रेगरीचं पत्र. ते इंग्लंडमधल्या अँग्लो-सॅक्सन लोकांच्या धर्मांतराबद्दल आहे. मेलिटस तिकडे केंटला, पोपने आधी पाठवलेल्या ऑगस्टीनच्या मदतीला चालला होता. वेल्सचे लोक तोवर पिढ्यानपिढ्या ख्रिस्ती होते, रोमन काळापासूनचा धागा होता तो. आणि त्यांचं या रोमहून आलेल्या मंडळींशी पटतही नव्हतं. बीडनेच सांगितलंय की वेल्श धर्मगुरू ऑगस्टीनला भेटायला गेले, त्याआधी त्यांनी एका साधूला विचारलं की याचं ऐकायचं का, तर तो म्हणाला तुम्ही आलात की तो उठून उभा राहिला तर नम्र माणूस आहे, ऐका. हे गेले, ऑगस्टीन बसूनच राहिला. झालं, बोलणी फिसकटली! त्यामुळे पोपचं पत्र दाखवून वेल्समधल्या दगडाचा इतिहास सांगणं म्हणजे शेजारच्या घराच्या खरेदीखतावर आपली भिंत मोजणं.

दुसरी, गोल आवारं. 'ल्लान' हा शब्द वेल्समधल्या शेकडो गावांच्या नावात आहे, त्याचा मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. आधी कुंपण, आत कबरी, मग चर्च. कुंपण गोल घातलं की गोल आवार, त्यासाठी शिळावर्तुळ लागत नाही. गोठाही गोल असतो.

कुजकट_काकू
उठून उभा राहिला नाही म्हणून धर्मपीठाशी संबंध तोडले. हे लोक नक्की आपलेच आहेत. लग्नात व्याह्यांनी नमस्कार नाही केला म्हणून आमच्याकडे अठरा वर्षं बोलणं बंद होतं.

टेकडीवरचा
@भूशास्त्री, पत्राचं मान्य, ते माझ्या डोक्यात सरसकट बसलं होतं. पण गोल आवाराचं नाही मान्य. अस्बटी कन्विन बघा. ॲबरिस्टविथहून आत, डेव्हिल्स ब्रिजजवळ. तिथे चर्चच्या गोलसर भिंतीत मोठमोठे उभे दगड आहेत, एक तर अकरा फुटी. दोन दगड फाटकाचे खांब झालेत. अख्खं शिळावर्तुळ आणि त्याच्या बरोब्बर मधोमध चर्च! याहून मोठा पुरावा काय हवा?

वाचनमात्र
अस्बटी कन्विन म्हणजे? उच्चार करून जिभेला गाठ पडली.

रेक्झमचा_डॉ
अस्बटी म्हणजे इस्पितळ :) आमच्या हॉस्पिटलच्या पाटीवर रोज वाचतो. जुन्या काळी यात्रेकरूंना उतरायला धर्मशाळा असायची, तीच अस्बटी. मूळ लॅटिन, तिथून वेल्शमध्ये अस्बटी झालं, आणि आपल्याकडे पोर्तुगीजांकडून इस्पितळ आलं. मूळ शब्दाच्या सुरुवातीचा 'हो' दोन्हीकडे बदलून गेला.

निवतीकरीण
डॉक्टर, हे भारी आहे. आईला सांगितलं, ती म्हणाली "मगे, मी सांगलंय ना ते आपलेच."

भूशास्त्री
अस्बटी कन्विन येणार हे माहीत होतं, वाटच बघत होतो. मी स्वतः तिथे जाऊन आलोय, दोनदा.

जुन्या सगळ्या मार्गदर्शिकांत ते 'ख्रिस्तीकरण झालेलं शिळावर्तुळ' म्हणून छापलेलं असायचं. मग १९७९ मध्ये स्टीफन ब्रिग्ज या पुरातत्त्वज्ञाने त्या आवाराच्या भिंतीवरच लेख लिहिला आणि जुनी वर्णनं कालानुक्रमे लावून बघितली. गंमत अशी की त्या जुन्या लेखकांना तो एक मोठा दगड दिसतो, पण वर्तुळ काही कुणाला दिसत नाही. वर्तुळ मागाहून उगवतं. चर्चची आजची इमारत १८२७ सालची. त्यांचं म्हणणं असं की भिंत नव्याने बांधताना बाकीचे मोठे दगड तिच्यात घातले गेले असावेत, फाटकाचे खांब तर सरळसरळ सोयीने उभे केलेले. अकरा फुटी मात्र खरा जुना, कांस्ययुगातला असण्याची शक्यता चांगली, आणि तो बहुधा मूळ जागीच आहे.

म्हणजे एक दगड खरा, चारांनी नंतर मांडी घातली शेजारी. एका दगडाचं वर्तुळ व्हायला दोन-तीन पिढ्या पुरल्या. सांगायचं एवढंच की 'जुन्या धर्माची जागा नव्याने बळकावली' ही गोष्ट आपल्याला इतकी आवडते की पुरावा नसला तर आपण भिंतीत चार दगड जास्त मोजतो.

टेकडीवरचा
बरं, पण तो एक अकरा फुटी तुम्हीच मान्य करताय ना? मग तो तिथे आधीपासून होता आणि चर्च त्याच्या अंगणात आलं. माझा मुद्दा तेवढाच होता.

भूशास्त्री
तुमचा मुद्दा "अख्खं शिळावर्तुळ" होता, वर जाऊन वाचा. हलके घ्या.

एक दगड आधी होता हे मान्य. पण आधी असणं आणि त्यामुळे असणं यात मधे दोन-अडीच हजार वर्षं आहेत. कांस्ययुगात कुणीतरी उभा केला, मग लोहयुग आलं गेलं, रोमन आले गेले, मग चर्च. मधल्या काळात त्याला कुणी पूजत होतं का, का नुसतीच गुरं अंग घासत होती, काय पुरावा? गुरांनी अंग घासावं म्हणून शेतकऱ्यांनी मुद्दाम रोवलेले दगडही वेल्समध्ये खूप आहेत बरं का, दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे, आणि नकाशावर कितीदा तेही प्रागैतिहासिक म्हणून खपतात.

चहाबाज
म्हणजे आईंनी मोजे काढले ते म्हशीच्या खाजेच्या दगडापुढे?

निवतीकरीण
चहाबाज, हे मी आईला सांगणार नाहीये. तुमच्याच भल्यासाठी.

शिलाँगकर
पहिलाच प्रतिसाद लिहितोय, सांभाळून घ्या. नोकरीनिमित्त सहा वर्षं मेघालयात होतो. तिथे खासी आणि जैंतिया टेकड्यांत असे उभे दगड शेकड्याने आहेत, नार्तियांगला तर जंगल आहे त्यांचं, सर्वात उंच पंचवीस फुटांच्या वर जातो. उभा दगड पुरुषाचा, त्याच्या पायाशी आडवी शिळा बाईची, आणि तिथे कुळ आईकडून चालतं. तिकडे गावांची नावंच बघा, मॉसिनराम, मॉफ्लांग, मॉकिरवाट. मॉ म्हणजे दगड.

आता गंमत. या खासी लोकांकडे १८४१ मध्ये वेल्सचा पहिला मिशनरी आला, थॉमस जोन्स. सुताराचा मुलगा, सोहऱ्याला म्हणजे चेरापुंजीला उतरला. त्याने खासी भाषा रोमन लिपीत लिहायला घेतली आणि स्पेलिंगं बसवली ती वेल्श कानाने, अजूनही खासी वाचताना ते जाणवतं. म्हणजे ज्या देशात उभे दगड कुणी आणि का रोवले हे विसरून गेले होते, तिथला माणूस अशा ठिकाणी आला जिथे लोक अजून आपल्या पूर्वजांसाठी दगड उभे करत होते आणि का करतो ते सांगू शकत होते. मला नेहमी वाटतं त्याला गावाकडचा एखादा दगड आठवला असेल का. माइन आणि मॉ, दोन्ही 'म' वरून, पण हा योगायोग हं, भूशास्त्री रागावू नका.

भूशास्त्री
रागावत नाही, उलट या धाग्यातला सर्वात चांगला प्रतिसाद. योगायोग म्हटलंत म्हणून तर जास्तच.

सातपुडा
शिलाँगकर, लिहीत जा हो.

मी नागपूरचा, त्यामुळे आमचं घोडं दामटतो. काटोल रोडला जुनापाणीला शिळावर्तुळं आहेत, शेकड्यांनी, लहानपणी शाळेची सहल जायची आणि आम्ही त्यावर बसून डबे खायचो. त्यातल्या काही दगडांवर वाटीसारखे गोल खळगे कोरलेत, ओळीत. रिव्हेट-कार्नाक नावाचा इंग्रज अधिकारी होता, त्याने १८६० आणि ७० च्या दशकांत तिथे खणलं आणि ते खळगे बघून तो उडालाच, कारण अगदी तसेच खळगे ब्रिटनमधल्या दगडांवर आहेत. त्याने लेख लिहिले की हे सारखेपण बघा. मग वेल्समधल्या चर्चच्या दगडांवरही आहेत का तसे खळगे? असतील तर नागपूर-वेल्स थेट नातं, संत्री पाठवून देतो.

रेक्झमचा_डॉ
आहेत की! पेम्ब्रुकशरमध्ये ब्रिडेल्ल म्हणून गाव आहे, कार्डिगनच्या दक्षिणेला. तिथल्या चर्चच्या अंगणात सात फुटी सडसडीत दगड उभा आहे. त्याच्या कडेवर ओघम लिपीत आडव्या रेघा, म्हणजे आयर्लंडहून आलेल्या लोकांची लिपी, दगडाची धारच ओळ म्हणून वापरायची आणि बहुधा खालून वर वाचत जायचं. नेट्टासाग्री नावाच्या कुणाचं ते स्मारक, पाचव्या-सहाव्या शतकातलं. त्याच दगडावर वर्तुळातला क्रूस, तो ओघमच्या बराच नंतर कोरलेला. आणि त्याच दगडावर वाटीसारखे खळगे, जे बहुतेक या दोन्हींच्या आधीचे.

म्हणजे हा एकच दगड आणि त्यावर तीन काळ. आधी खळगेवाले, मग आयरिश नाववाले, मग क्रूसवाले. प्रत्येकाने आधीच्याचं न पुसता आपलं लिहिलं. मला तर हा दगड सातबाऱ्याच्या उताऱ्यासारखा वाटतो, फेरफार नोंदी नुसत्या.

भूशास्त्री
डॉक्टर, उदाहरण सुरेख. पण सातपुडा, संत्री घरीच खा. जुनापाणीची वर्तुळं लोहयुगातली, इसवी सनापूर्वीच्या हजार वर्षांतली, खाली माणसं पुरलेली, सोबत लोखंडी कुऱ्हाडी, घोड्याचे साज. वेल्सचे उभे दगड त्याच्या हजारभर वर्षं आधीपासूनचे. खळगे तर जगभर आहेत, दगडावर दगड घासला की वाटीच होणार, चौकोन थोडाच होतो. एकोणिसाव्या शतकातल्या साहेबांना वाटायचं की एकच कुणीतरी जमात जगभर दगड रोवत फिरली. तसं काही नव्हतं.

सातपुडा
आम्ही नागपूरकर, संत्री परत घेतो, पण घोडा सोडणार नाही. आमच्या महापाषाणवाल्यांकडे घोड्याला तांब्याचे दागिने होते. वेल्सवाल्यांकडे काय होतं? मेंढी.

पेन्शनर_पुणे
मला कोसंबींची आठवण झाली. दामोदर धर्मानंद कोसंबी, गणिती, डेक्कन क्वीनने मुंबईला जायचे आणि उरलेल्या वेळात पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवायचे. शेंदूर फासलेल्या देवीच्या दगडाजवळ त्यांना गारगोटीची बारीक अश्मयुगीन हत्यारं सापडायची, आणि त्यांचं म्हणणं होतं की या जागा जुन्या वाटांच्या फाट्यांवर आहेत, लोक तिथून हजारो वर्षं येत-जात होते म्हणून देवही तिथेच. तेव्हा दगड पूज्य आहे म्हणून लोक आले असं समजायच्या आधी लोक तिथून जात होते का हे बघावं. माइनतुरोगला वाट होती का जुनी?

रेक्झमचा_डॉ
काका, बरोबर नेम धरलात. दुइरिद नदी ओलांडायची जागा तिथेच आहे. समुद्राची भरती खालपर्यंत येते, त्याच्या वर पहिला सोयीचा उतार. आणि याला एक जुना साक्षीदारही आहे. माबिनोगीच्या चौथ्या शाखेत, म्हणजे वेल्शमधल्या मध्ययुगीन कथांत, दक्षिणेचा राजा प्रदेरी डुकरांवरून झालेल्या युद्धात इथपर्यंत येतो, आणि नदीच्या उताराशी ग्विदियोन नावाचा जादूगार त्याला जादूच्या जोरावर मारतो. त्याला पुरतात कुठे, तर 'माइन तुरिओग'ला, फेलेन्रिद या जागेच्या वर. कथा लिहून ठेवलेली पोथी चौदाव्या शतकातली. गंमत म्हणजे त्यात संत नाही, चर्च नाही, डोंगरावरून भिरकावलेला धोंडा नाही. एका राजाची कबर आणि एक दगड, बस.

टेकडीवरचा
वा! आता भूशास्त्री काय म्हणतात?

आणि मला आत्ता एक सुचलं. संत तुरोगच्या नावाची बाकीची गावं बघा, कारनार्वनजवळ ल्लानदुरोग आहे, म्हणजे तुरोगचं ल्लान, तुरोगचं चर्च. अँगलसी बेटावर बोदुरोग, तुरोगचं घर. इथे मात्र ल्लान नाही, घर नाही, माइन! गावाने चर्चचं नाव न घेता दगडाचं घेतलं. म्हणजे लोकांच्या लेखी दगड मोठा होता.

भूशास्त्री
हा मुद्दा चांगला आहे. खरंच चांगला आहे, मान्य.

फक्त कथेतला दगड तोच का, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, आणि आजची चर्चची इमारत १८१४ आणि १८९६ मधल्या बांधकामातली आहे, त्यात दगड इकडून तिकडे हलला नसेलच असंही नाही. चार फुटी दगड चार गडी हलवतात. अकरा फुटीला तशी भीती नाही, म्हणून मी कायम उंच दगडावर पैसे लावतो.

वाचनमात्र
मग खणून का बघत नाहीत? एकदाचा निकाल लागेल.

भूशास्त्री
दगड केव्हा रोवला हे दगड सांगत नाही. खालच्या खड्ड्यात कोळसा, हाड असं काही मिळालं तर वय काढता येतं. दक्षिण पेम्ब्रुकशरमध्ये स्टॅकपोल वॉरनला 'डेव्हिल्स क्वॉइट' म्हणून उभा दगड आहे, तिथे भोवती खणलं तर हजारो छोटे दगड उभे रोवून केलेलं अंगणच सापडलं, वरून कुणाला काही कल्पना नव्हती. पण ते उघड्या माळावर. चर्चच्या आवारात दगडाच्या चारी बाजूंनी लोकांचे आजे-पणजे झोपलेत. खणायला चर्चची परवानगी, कॅडव या स्मारक खात्याची परवानगी, आणि परवानगी मिळाली तरी हजार वर्षं कबरी खणून खणून खालची माती इतकी उलथीपालथी झालेली असते की कोळसा मिळाला तरी तो कुणाचा हे सांगता येत नाही.

रेक्झमचा_डॉ
तरी एक ठिकाण राहिलंच, ग्विथेरिन. कॉन्वीच्या मागे डोंगरात. चर्चच्या उत्तरेला चार दगड एका ओळीत, गुडघ्याच्या वर येतील एवढे, सारख्या अंतरावर. एकावर लॅटिन, 'सेनेमाग्लुसचा मुलगा विनेमाग्लुस'. पाचवं-सहावं शतक. आता ही ओळ प्रागैतिहासिक आणि विनेमाग्लुससाठी कुणीतरी तयार दगड वापरला, की चारही त्याच काळातले? दोन्ही मतांचे लोक आहेत. भोवती यू नावाची प्रचंड जुनी झाडं, आतून पोकळ, त्यामुळे खोडातल्या वयाच्या कड्याच मोजता येत नाहीत आणि प्रत्येक पाटी आपल्याला हवं ते वय लिहिते. संत विनिफ्रेडची कबरही इथेच होती, ११३८ मध्ये श्रूजबरीच्या मठाने तिच्या अस्थी उचलून नेल्या. तेव्हापासून गाव शांत आहे.

मालवणी_खाजा
अरे किती ते पुरावे. देवाक सगळा म्हायत आसा. निवतीताई, तुमच्या आईसाठी गाऱ्हाणं घालतंय:

बा देवा म्हाराजा, माइनतुरोगाच्या राखणदारा म्हाराजा! आज ही निवतीची माउली सात समुद्र पार करून, चार डिग्रीत मोजे काढून तुझ्या पायाकडे इली आसा म्हाराजा! तुका वरसून कोणी टाकलो काय तू आधीच हंय होतंस, ह्या तुझा तुका म्हायती, त्या भूशास्त्र्याच्या नादाक लागू नको म्हाराजा! बारा गावचा, बारा चर्चांचा, बारा ल्लानांचा ज्या काय वाकडा-नाकडा आसात ता सरळ कर! तुझ्यार हात फिरवलो तो परत येता असो तुझो शब्द आसा, तर व्हिसावाल्याच्या कॉम्प्युटरात जावन बस आणि माउलीचो अर्ज वर काढ रे म्हाराजा!

चहाबाज
होय म्हाराजा!

सातपुडा
होय म्हाराजा!

भूशास्त्री
पुराव्याअभावी... होय म्हाराजा.

कुजकट_काकू
भूशास्त्री विरघळले, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

निवतीकरीण
हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. गाऱ्हाणं आईला फोनवर वाचून दाखवलं, तिने प्रत्येक ओळीला 'होय म्हाराजा' म्हटलं, मागून बाबांचाही आवाज येत होता.

धागा थोडा थंडावला होता म्हणून अपडेट. परवा नवऱ्याचं ॲबरिस्टविथला काम होतं, मी हट्टाने अस्बटी कन्विनला गाडी वळवायला लावली. पाऊस होताच. रेइडोल नदीची घळ खाली धुक्यात, वर चर्च, चिटपाखरू नाही. अकरा फुटी दगड खरंच अंगावर येतो हो. भिंत त्याच्यापाशी येऊन थांबते आणि पलीकडून पुन्हा सुरू होते, त्याच्यासमोर ती अगदी पोराटकी वाटते. फाटकाचे दोन खांब मी मुद्दाम नीट बघितले, भूशास्त्रींचा प्रतिसाद डोक्यात होता, आणि खरं सांगायचं तर ते फाटकाचे खांबच वाटले. पण त्या मोठ्याजवळ उभं राहिल्यावर हा आधी इथे होता आणि बाकीच्यांनी याच्या कलाने घेतलं असंच वाटत राहिलं. याला पुरावा म्हणत नाही मी, नुसतं सांगतेय.

आत कबरींमध्ये एक दगड बघून मात्र मघाचं सगळं विसरले. एकाच वेळी जन्मलेली चार भावंडं, १८५६ सालची, चारही गेलेली. तिथे बराच वेळ उभी राहिले. इतक्या जुन्या दगडासाठी आले होते आणि अडकले या दीडशे वर्षांपूर्वीच्या पाटीपाशी.

पेन्शनर_पुणे
असं होतं. आम्ही हंपीला गेलो होतो तेव्हा...  जाऊ दे, वेगळा धागा काढतो.

टेकडीवरचा
ताई, मग आईला उत्तर काय दिलंत? दगड आधी की चर्च?

निवतीकरीण
फोटो पाठवले. म्हटलं, आई, मोठा दगड बहुधा आधीचा, पण तो देव होता का ते कुणालाच सांगता येत नाही. ती म्हणाली, "ता जावंदे. पाया पडलंस मगे? नारळ दिलंस?"

रेक्झमचा_डॉ
नारळ ॲबरिस्टविथच्या सुपरमार्केटात मिळतो, शेंडी नसते फक्त.

भूशास्त्री
नारळ ठेवा, फोडू नका. दोनशे वर्षांनी कुणीतरी दगडावरची खूण बघून लेख लिहील.

सातपुडा
आणि त्यावर कुणीतरी धागा काढेल. माझी संत्री तिथेच ठेवा नारळाशेजारी.